प्रत, हात आणि दूरचें बटण

देहूच्या इंद्रायणींत बुडविलेल्या वह्या तेरा दिवसांनीं कोरड्या वर आल्याची कथा महाराष्ट्रांत सर्वांस ठाऊक आहे. परंतु कागद टिकला म्हणजे सर्व टिकलें असें होत नाहीं. त्यावरील शब्द एका प्रतींतून दुसऱ्या प्रतींत शुद्ध कसा उतरावा, हा प्रश्न उरतोच.

१८६९ मध्यें मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यांतून विष्णु परशुराम शास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनीं सरकारी साह्यानें गाथा छापण्यास आरंभ केला, तेव्हां देहू, कडूस, तळेगांव व पंढरपूर येथील प्रती ताडून पाहिल्या. पुढें १९१९ मध्यें वि. ल. भावे यांनीं तुकोबांचे लेखक संताजी तेली जगनाडे यांच्या वहीच्या आधारें आपला ‘अस्सल गाथा’ प्रसिद्ध केला. दोहोंत पाठभेद आहेतच. नकलनवीस कितीहि श्रद्धावान् असो, डोळा एखादी ओळ गाळतो आणि हात आपल्या बोलीचें वळण घालतो.

छायाचित्र वाचीत नाहीं, हाच त्याचा मोठा गुण. पण तेथेंहि हात सुटत नाहीं. जीर्ण कागदावर प्रखर प्रकाश टाकावयाचा नाहीं, म्हणून शटर अधिक वेळ उघडें ठेवावें लागतें. आणि हलका कॅमेरा बटण दाबतांच हालतो. अक्षराचा काना पुसट होण्यास तेवढें पुरे होतें.

यावर जुना उपाय लवचीक तारेच्या बटणाचा. अंकीय कॅमेरे आल्यावर तीच तार संगणकाला जोडली गेली. आरंभीं प्रत्येक कंपनीच्या कॅमेऱ्याची भाषा निराळी. ‘जीफोटो’ या मुक्त आज्ञावलीच्या कर्त्यांनीं त्यांतील कित्येक उलगडल्या. २००० मध्यें ‘पीटीपी’ नांवाचा सामाईक संकेत ठरला. त्याप्रमाणें संगणक प्रथम कॅमेऱ्याला काय काय करतां येतें तें विचारतो, मग चित्र घेण्याची आज्ञा देतो, आणि चित्र त्याच यूएसबी तारेनें परत येतें.

श्रोत्यांपैकीं कित्येकांना वाटेल, येथें प्रश्न मिटला. तसें झालें नाहीं. कॅनन कंपनीच्या अनेक लहान कॅमेऱ्यांत असलेली ही सोय २००९ च्या सुमारास नव्या नमुन्यांतून नाहींशी झाली. मोठ्या, महाग कॅमेऱ्यांत ती राहिली. यांत बाजाराचा हिशेबच अधिक दिसतो. तथापि ‘सीएचडीके’ ही हौशी कारागिरांची आज्ञावली तत्पूर्वींच निघाली होती. ती स्मृतिपत्रिकेवरून चढते आणि कंपनीची मूळ आज्ञावली न पुसतां कॅमेऱ्याला नवीं कामें शिकविते. यूएसबीच्या तारेंतून पांच व्होल्टांचा झटका दिला कीं शटर उघडतें; पुढें संगणकावरूनहि पूर्ण ताबा मिळूं लागला.

२००९ मध्येंच अमेरिकेंतील डॅनियल रीट्झ यांनीं टाकाऊ सामान व दोन स्वस्त कॅमेरे घेऊन पुस्तकें टिपण्याचें यंत्र रचलें. इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा पाळणा, आणि समोरासमोरच्या पानांवर एकेक कॅमेरा. शिवलेली वही अशा पाळण्यांत सपाट उलगडावी लागत नाहीं, पाठ मोडत नाहीं. सुट्या पानांच्या पोथीला मात्र वरून एकच कॅमेरा पुरतो.

कामाची रीत साधी आहे. पहिल्या पानावर अंतर, तीक्ष्णता व प्रकाश ठरवून तें कायम करावयाचें. वीज घरांतल्या जोडणीवरून घ्यावयाची. कारण बॅटरी बदलावयास कॅमेरा उचलला कीं बसविलेली मांडणी बिघडली. मग पान उलटावयाचें, हात मागें घ्यावयाचा, आणि आज्ञा संगणकावरून. पोथी पुन्हा रुमालांत बांधण्यापूर्वीं पुसट अक्षर पडद्यावर दिसतें व चित्र लागलींच पुन्हा घेतां येतें. जेथें पान दुसऱ्यांदा उलटण्यास धजावत नाहीं, तेथें ही सोय लाखमोलाची.

चूक मात्र येथेंहि घर करते. दमट हवेनें दोन पानें चिकटून एकदम उलटलीं, तर नकलनवीस अर्थ तुटला म्हणून थांबला असता. कॅमेरा थांबत नाहीं. म्हणून पानाच्या समासांत जुन्या लेखकानें घातलेला पत्रांक दर चित्रागणिक पडद्यावर वाचून वहींत टिपून ठेवावा लागतो, आणि तें काम अजून माणसाच्याच हातचें आहे.