अणूचं चित्र कसं बदलत गेलं? कणादांपासून क्वांटमपर्यंत

मधोमध एक गोळा आणि त्याभोवती लंबगोल कक्षांत फिरणारे ठिपके. अणू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हेच चित्र येतं. पण हे चित्र चुकीचं आहे आणि शास्त्रज्ञांना ते सुमारे १०० वर्षांपासून ठाऊक आहे. मग खरा अणू कसा असतो?

अणू की परमाणू?

आधी एक गोंधळ दूर करू. मराठी शालेय पुस्तकांत ज्याला 'अणू' म्हणतात, त्याला हिंदीत 'परमाणु' म्हणतात. हिंदीतला 'अणु' म्हणजे आपला 'रेणू'. त्यामुळे हिंदी पोस्ट वाचताना काळजी घ्या.

अणूचा शोध कणादांनी लावला का?

पदार्थाचे तुकडे करत गेलं तर शेवटी अविभाज्य कण उरतो, हा विचार भारतात कणादांच्या वैशेषिक दर्शनात आणि ग्रीसमध्ये डेमोक्रिटसकडे आढळतो. दोन्ही विचार मोठे होते, पण ते तर्कावर उभे होते. ते तपासून पाहण्याचं साधन तेव्हा नव्हतं.

हा फरक जॉन डाल्टन यांच्यामुळे पडला. १९व्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी वजनांचा आधार घेतला. कार्बन आणि ऑक्सिजनपासून दोन वायू बनतात. कार्बनचं वजन सारखंच ठेवलं, तर एका वायूत दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट ऑक्सिजन असतो, दीडपट किंवा पावणेदोनपट नाही. मूलद्रव्यं सुट्या कणांची बनलेली असतील, तर हा हिशेब सहज जुळतो.

अविभाज्य अणू फुटला कसा?

१८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी कॅथोड किरणांवर प्रयोग करून ऋणप्रभारित कण शोधला. तो इलेक्ट्रॉन. हायड्रोजनच्या अणूपेक्षा तो सुमारे १८०० पट हलका असतो. म्हणजे अणूच्या आतही काहीतरी होतं! थॉमसन यांच्या मते अणू कलिंगडासारखा होता : धनप्रभाराचा गर आणि त्यात रुतलेल्या इलेक्ट्रॉनच्या बिया.

सोन्याच्या पत्र्याने काय दाखवलं?

अर्नेस्ट रदरफोर्ड यांचे सहकारी गायगर आणि मार्सडेन यांनी १९०९ मध्ये सोन्याच्या अतिशय पातळ पत्र्यावर अल्फा कणांचा मारा केला. बहुतेक कण आरपार गेले. पण हजारो कणांमागे एखादा चक्क मागे फिरला. 'कलिंगडा'त एवढ्या वेगवान कणाला परतवेल असं काहीच नव्हतं.

१९११ मध्ये रदरफोर्ड यांनी उत्तर दिलं : अणूचा धनप्रभार आणि जवळपास सगळं वस्तुमान मधल्या इवल्याशा केंद्रकात असतं. सोन्याचा अणू एक किलोमीटर रुंद मानला, तर केंद्रक जेमतेम लिंबाएवढं भरेल.

मग ते प्रसिद्ध चित्र का चुकलं?

केंद्रकाभोवती फिरणारा इलेक्ट्रॉन सतत ऊर्जा गमावेल आणि क्षणार्धात केंद्रकात कोसळेल, असं तेव्हाचं भौतिकशास्त्र सांगत होतं. तसं असतं तर कोणताही पदार्थ टिकला नसता. १९१३ मध्ये नील्स बोर यांनी ठरावीक कक्षांची कल्पना मांडली. त्यातून हायड्रोजनच्या प्रकाशातल्या रंगरेषांचा उलगडा झाला, पण जास्त इलेक्ट्रॉन असलेल्या अणूंचं गणित जुळेना.

१९२६ मध्ये श्रोडिंगर यांचं समीकरण आलं आणि १९२७ मध्ये हायझेनबर्ग यांचं अनिश्चिततेचं तत्त्व. त्यानंतर कक्षा ही कल्पनाच मागे पडली. इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता किती, एवढंच सांगता येतं. शक्यतेच्या या 'ढगा'ला ऑर्बिटल म्हणतात. १९३२ मध्ये जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला आणि केंद्रकाचं चित्रही स्पष्ट झालं.

थोडक्यात

डाल्टन, थॉमसन, रदरफोर्ड, बोर यांचं प्रत्येक चित्र पुढे अपुरं ठरलं. पण त्यातलं टिकाऊ ते पुढच्या चित्राने सोबत घेतलं : डाल्टन यांचे सुटे कण, थॉमसन यांचा इलेक्ट्रॉन, रदरफोर्ड यांचं केंद्रक. 'विज्ञान तर सारखं मत बदलतं' असं कुणी म्हणालं, तर त्यांना सोन्याच्या पत्र्याची गोष्ट सांगा. मत बदललं, कारण पुरावा समोर आला.