सर्कस मॅक्सिमस
प्राचीन रोममधील रथशर्यतींचे सर्वांत मोठे मैदान. पॅलाटाइन आणि ॲव्हेंटाइन या टेकड्यांमधल्या सखल जागेत ते होते. लांबी सुमारे ६२० मी., रुंदी ११८ मी. लॅटिनमध्ये ‘सर्कस’ म्हणजे वर्तुळ. मैदान मात्र चांगलेच लांबट. टार्क्विनिअस प्रिस्कस या राजाने ते आखले, अशी परंपरा आहे. सुरुवातीची लाकडी बाके वारंवार आगीत सापडत. इ. स. ६४ मध्ये रोम जाळणारा वणवा याच मैदानाला लागून असलेल्या दुकानांत पेटला. पुढे ट्रेजन सम्राटाने बैठका दगडात बांधून काढल्या. दीड लाखांवर माणसे इथे बसत असावीत. आज नाव कलोसियमचे होते. पण रोमची खरी गर्दी पाहायची तर ती इथेच.

शर्यत सात फेऱ्यांची. एका टोकाला बारा कमानी, प्रत्येकीत एक रथ. अध्यक्षाच्या हातून पांढरा रुमाल पडला की दारे एकदम उघडत. मैदानाच्या मधोमध लांब कठडा होता. त्यावरची लाकडी अंडी आणि डॉल्फिनच्या आकृत्या सरलेल्या फेऱ्या दाखवत. चौघोडी रथात मधले दोन घोडे जुवाला, कडेचे दोन नुसत्या दोरांनी बांधलेले. वळण डावीकडे असल्याने सगळी मदार डाव्या कडेच्या घोड्यावर असे. तो बिचकला की रथ वळणावरच्या खांबावर आदळलाच. सारथी लगाम कमरेला गुंडाळून घेत. रथ उलटला तर फरफटत जाण्याआधी ते कापता यावेत म्हणून जवळ सुरी ठेवत. यांतले पुष्कळजण गुलाम होते, हे विसरता कामा नये. तांबडा, पांढरा, निळा, हिरवा असे चार संघ होते आणि आपल्या रंगापायी लोक जिवावर उदार होत. स्त्री-पुरुष शेजारी बसत, ही मोकळीक कलोसियममध्ये नव्हती.

कठड्यावर इजिप्तहून आणलेले दोन ओबेलिस्क होते : एक ऑगस्टसने इ. स. पू. १० मध्ये, दुसरा कॉन्स्टँटियस दुसरा याने इ. स. ३५७ मध्ये उभारलेला. सोळाव्या शतकात पोप सिक्स्टस पाचवा याने ते उकरून काढले. आज पहिला पियाझ्झा देल पोपोलोत, दुसरा लॅटरनपाशी आहे. शेवटची शर्यत गॉथ राजा टोटिला याने इ. स. ५४९ मध्ये भरवली. आता तिथे गवताळ, लांबट खोलगट मैदान उरले आहे. पूर्वेच्या टोकाला बैठकांचे थोडे अवशेष दिसतात. धावपट्टी कित्येक मीटर मातीखाली आहे.