सारसोळे-नेरुळ परिसरात पहिलं घर घेताना: कागद, शाळा आणि शेजार

नेरुळच्या सेक्टर ६ मध्ये सारसोळे गाव आहे. एका अंगाला पाम बीच मार्ग, त्यापलीकडे कांदळवन, खाडी आणि कोळी बांधवांची जेट्टी. दुसऱ्या अंगाला सिडकोने आखलेले सरळ रस्ते आणि सोसायट्या. कुर्ला, गोवंडी, मुंब्रा इथल्या भाड्याच्या खोल्यांतून बाहेर पडून नवी मुंबईत पहिलं घर घ्यायचा विचार करणारी अनेक कुटुंबं आम्हाला पालक म्हणून भेटतात. आम्ही स्वतःही काही वर्षांपूर्वी याच भागात घर शोधलं. विचारणा सगळ्यांची सारखीच असते: आपल्या माणसांत राहावं की चांगल्या शाळेजवळ? आमच्या मते त्याआधीचा प्रश्न वेगळा आहे. जे घर घेताय, ते कायद्याने तुमचं होणार आहे का?

सिडकोची स्थापना मार्च १९७० मध्ये झाली आणि ठाणे-रायगडमधल्या ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं. सारसोळे त्यातलंच एक. त्यामुळे इथे पाच-सात मिनिटं चाललात तरी तीन वेगळ्या प्रकारची घरं दिसतात. बाहेरून तिन्ही सारखीच, टाइल्स आणि लिफ्टसकट. फरक कागदात असतो.

पहिला प्रकार सिडकोने बांधलेल्या किंवा सिडकोच्या भूखंडावर उभ्या राहिलेल्या सोसायट्यांचा. इथे जमीन मालकीची नसते, साधारण ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असते. फ्लॅट विकत घेताना सिडकोची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागतं. हे शुल्क कोण भरणार ते टोकन देण्याआधीच ठरवा, नाहीतर शेवटच्या दिवशी वाद होतो. इमारत जुनी असेल तर पुनर्विकासाची चर्चा चालू आहे का, मासिक देखभाल किती, दुरुस्तीची थकबाकी आहे का, हे सचिवांना थेट विचारा.

दुसरा प्रकार साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावरच्या इमारतींचा. जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. जानेवारी १९८४ मध्ये जासई भागातल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांचा जीव गेला. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. असे भूखंड पुढे बिल्डरकडे जातात तेव्हा सिडको, मूळ भूखंडधारक आणि बिल्डर यांच्यात त्रिपक्षीय करार होतो. हा करार बघायला मागा. मूळ कुटुंबात वारसांचा वाद असेल तर तो तुमच्या फ्लॅटपर्यंत येऊ शकतो. करार साफ असेल तर ही घरं चांगली असतात, उगाच घाबरू नका.

तिसरा प्रकार गावठाणातला आणि गावठाणालगतचा, आणि आपले लोक फसतात ते बहुतेक इथेच.

कुटुंब वाढलं म्हणून गावकऱ्यांनी बांधलेल्या घरांना इथे 'गरजेपोटी बांधलेली घरं' म्हणतात. गावकऱ्यांची बाजू खरी आहे. त्यांच्या जमिनी गेल्या, घरं वाढवायला जागा उरली नाही. ती नियमित करण्यासाठी शासनाने एकापेक्षा जास्त वेळा निर्णयही काढले. पण त्याच नावाखाली काही ठिकाणी पाच-सात मजली इमारती उभ्या राहतात आणि फ्लॅट बाहेरच्यांना विकले जातात. भाव शेजारच्या सोसायटीपेक्षा बराच कमी. आम्हालाही असा एक फ्लॅट दाखवला होता. मशीद जवळ, मजल्यावर आपलीच दोन कुटुंबं, आणि ब्रोकर म्हणाला, "सर, नोटरी करून देतो, इथे सगळे असंच घेतात." घरचे सगळे खूश होते. स्टाफरूममधल्या एका सहकाऱ्याने एवढंच विचारलं, "ओसी आहे का?" ती नव्हती.

ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बांधली असून राहायला योग्य आहे, असं महापालिका त्यात लिहून देते. ओसी नसेल तर बहुतेक बँका कर्ज देत नाहीत, पुढे विकायला गेलात तर गिऱ्हाईक मिळत नाही, आणि कारवाई झाली तर नोटरीचा कागद तुम्हाला वाचवत नाही. मालकी मिळते ती दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेल्या कराराने. नोटरीने सही-शिक्का मारल्याने घर नावावर होत नाही. नवी मुंबईतच दिघ्याचं उदाहरण आहे. तिथल्या ९९ बेकायदा इमारतींचा विषय उच्च न्यायालयात गेला आणि २०१५ मध्ये पाडकाम सुरू झालं. त्यात राहणाऱ्यांनीही पैसे मोजूनच घरं घेतली होती. नियमित करण्याचे शासन निर्णय मूळ प्रकल्पग्रस्तांची गरज डोळ्यासमोर ठेवून निघतात. बिल्डरने बांधून विकलेल्या फ्लॅटला ते आपोआप लागू होतील असं धरून आयुष्याची कमाई गुंतवू नका.

नवीन बांधकाम असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून बघा. महारेरा मे २०१७ पासून आहे. ताबा कधीचा, मजले किती मंजूर, खटले आहेत का, हे तिथे दिसतं. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी लागतो, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसलं तर १ टक्का. ओसी मिळालेल्या तयार घरावर जीएसटी नाही. आणि घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. पन्नास लाखांच्या घरात ते पन्नास हजार रुपये होतात. नवऱ्याचं नाव जोडलंत की सवलत गेली. आमच्या ओळखीत काहींनी याच निमित्ताने बायकोचा राहिलेला मेहेरही घराच्या रूपात दिला. हिशेब दोन्हीकडून बसला.

कर्जाच्या व्याजाचा प्रश्न अनेकांच्या मनाला टोचतो. बिनव्याजी गृहकर्ज देणारी इस्लामी बँक भारतात नाही. तशी स्वतंत्र खिडकी बँकांत उघडण्याचा विचार रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये सोडून दिला. कुणी नातेवाइकांकडून कर्ज-ए-हसना घेतं, कुणी बिल्डरशी लांब हप्ते ठरवतं, कुणी बँकेचं कर्ज घेऊन लवकर फेडतं. यात निर्णय ज्याचा त्याने आपल्या आलिमांना विचारून घ्यावा. आमचं सांगणं इतकंच की बिनव्याजी हप्त्यांच्या नावाखाली नोंदणी न केलेला व्यवहार करू नका. हप्ते कितीही लांबू देत, करार नोंदवलेला हवा.

आता शेजाराकडे येऊ. काही ठिकाणी नाव सांगितलं की फ्लॅट 'कालच गेला' असतो. हे नवीन नाही. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालातही मुस्लिमांना घर मिळताना येणाऱ्या अडचणींची नोंद आहे. अशा वेळी मन खट्टू होतं आणि माणूस म्हणतो, जाऊ दे, आपल्यातच जाऊ. पण कायदा माहीत असू द्या. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० प्रमाणे पुरेशा कारणाशिवाय सोसायटी सदस्यत्व नाकारू शकत नाही. नाकारलं तर कारण लेखी द्यावं लागतं आणि निबंधकांकडे अपील करता येतं. अर्जावर तीन महिन्यांत काहीच कळवलं नाही तर सदस्यत्व मिळालं असं मानलं जातं. म्हणून अर्ज द्या आणि पोच घ्या, तोंडी 'नाही' ऐकून परत येऊ नका. एक अपवाद लक्षात ठेवा: २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपविधीतच लिहिलेली समाजापुरती सदस्यता मान्य केली होती. त्यामुळे उपविधी आधी वाचा. शासनाच्या आदर्श उपविधींवर चालणाऱ्या सोसायटीत अशी अट नसते.

आपल्या वस्तीत राहण्यात चूक काहीच नाही. ईदला दार वाजतं, मयतीला खांदे मिळतात, मकतब खाली असतो, आईला एकटं वाटत नाही. हे आम्ही हलकं समजत नाही. पण वर्गात आम्हाला एक गोष्ट दिसते. ज्या मुलांच्या गल्लीत मराठी बोलणारे मित्र असतात, त्यांची मराठी पाचवीपर्यंत सहज सुटते. बाकीच्यांना ती पुस्तकातून शिकवताना आमचा आणि त्यांचा घाम निघतो. राज्यात आता सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, पुढे स्पर्धा परीक्षाही आहेत. सारसोळ्यासारख्या जागी कोळी-आगरी शेजार मिळतो, हा आम्ही फायदाच मानतो. आमच्या मुलाने क्रिकेटबरोबर आगरी बोलीही उचलली, थोड्या शिव्यांसकट.

शाळेचं अंतर पायी मोजा, ब्रोकरची 'पाच मिनिटं' धरू नका. शिक्षण हक्क कायद्याखालच्या २५ टक्के जागांसाठी अर्ज करायचा असेल तर एक किलोमीटरच्या आतल्या मुलांना आधी प्राधान्य मिळतं. अल्पसंख्याक दर्जाच्या शाळांना हा नियम लागू नाही, हे अनेक पालकांना अर्ज भरताना कळतं. महाविद्यालयं, मोठी रुग्णालयं नेरुळमध्ये आहेत. महापालिकेचं मीनाताई ठाकरे रुग्णालयही इथेच. पाणी महापालिकेच्या स्वतःच्या मोरबे धरणाचं आहे.

एक काम उरतं. घर जुलैत बघा, तेही भरतीच्या वेळी. या शहराचे काही भाग सखल आहेत आणि पावसाचं पाणी धारण तलावांत अडवून ओहोटीला खाडीत सोडावं लागतं. जोरदार पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की तळमजल्याची खरी गोष्ट कळते. वॉचमनला विचारा, मागच्या वर्षी पाणी कुठपर्यंत आलं होतं. तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो.