कार्डिगन, लॉर्ड
कार्डिगन, लॉर्ड : (१६ ऑक्टोबर १७९७–२८ मार्च १८६८). ब्रिटिश घोडदळातील सेनानी व उमराव. संपूर्ण नाव जेम्स टॉमस ब्रूडनेल, सातवा अर्ल ऑफ कार्डिगन. जन्म हॅम्बल्डन (बकिंगहॅमशर) येथे. शिक्षण हॅरो व ऑक्सफर्ड येथे. १८१८ मध्ये पार्लमेंटचा सभासद. वडिलांच्या मृत्यूनंतर १८३७ मध्ये उमरावपद व डीन पार्क येथील जहागीर त्याच्याकडे आली.

लष्करी कारकीर्द : १८२४ मध्ये तो ८ व्या हुसार्स पलटणीत दाखल झाला. पैसे भरून हुद्दे मिळविण्याची तेव्हा रीत होती. तिच्या आधारे तो भराभर वर चढला व १८३२ मध्ये १५ व्या हुसार्सचा प्रमुख झाला. त्याच पलटणीतील कॅप्टन वॉदनवर त्याने भरलेला लष्करी खटला त्याच्यावरच उलटला. वॉदन निर्दोष सुटला आणि १८३४ मध्ये ब्रूडनेलला प्रमुखपद गमवावे लागले. तरीही १८३६ मध्ये त्याला ११ वी लाइट ड्रॅगून्स ही हिंदुस्थानातील पलटण मिळाली. ती १८३८ मध्ये मायदेशी परतली. तिच्या गणवेशावर त्याने स्वतःचा अमाप पैसा खर्च केला. हिंदुस्थानात हयात घालविलेल्या अधिकाऱ्यांना मात्र तो तुच्छ लेखी. मे १८४० मध्ये भोजनगृहात कॅप्टन जॉन रेनल्ड्सने पाहुण्यासाठी मागविलेले मोझेल मद्य काळ्या बाटलीतच टेबलावर आले. ती पोर्टर बिअर असल्याचे समजून कार्डिगन संतापला आणि प्रकरण रेनल्ड्सच्या अटकेपर्यंत गेले.

उमराव सभेतील खटला : त्याच पलटणीतून निवृत्त झालेल्या कॅप्टन टकेटने कार्डिगनवर टीका करणारे पत्र वृत्तपत्रात छापविले. त्यावरून १२ सप्टेंबर १८४० रोजी विंबल्डनच्या माळावर द्वंद्व झाले. दुसऱ्या फैरीत टकेट जखमी झाला. जवळच्या पवनचक्कीतून हा प्रकार पाहणारा चक्कीवाला गावचा कॉन्स्टेबलही होता. त्यानेच दोघांना ताब्यात घेतले. उमरावाचा न्याय उमरावांनीच करावयाचा या हक्कानुसार १६ फेब्रुवारी १८४१ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये सुनावणी झाली. आरोपपत्रात जखमीचे नाव ‘हार्वी गार्नेट फिप्स टकेट’ असे होते. पुराव्यादाखल आलेल्या भेटपत्रावर ‘कॅप्टन हार्वी टकेट’ एवढेच होते. दोघे एकच, हे सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही. उमरावांनी एकामागून एक उभे राहून आपल्या प्रतिष्ठेची ग्वाही देत ‘निर्दोष’ असे मत दिले. एकट्या ड्यूक ऑफ क्लीव्हलंडने ‘कायद्याने निर्दोष’ अशी पुस्ती जोडली. उमरावांना वेगळा कायदा असल्याची टीका त्यानंतर वाढली. त्याच वर्षी ईस्टरच्या रविवारी प्रार्थनेनंतर एका शिपायास फटके देवविल्याने तो पुन्हा टीकेचा धनी झाला.

क्रिमियन युद्ध : २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लाव्हा येथे लाइट ब्रिगेडच्या सु. ६७० स्वारांच्या हल्ल्याचे नेतृत्व त्याने केले. सु. ११० ठार झाले. हा हल्ला ज्या चुकीच्या आदेशामुळे झाला, त्याची जबाबदारी सरसेनापती लॉर्ड रॅग्लन, घोडदळप्रमुख लॉर्ड लूकन व आदेश आणणारा कॅप्टन नोलन यांपैकी कोणाची, याविषयी मतभेद आहेत. लूकन हा कार्डिगनचा मेहुणा. दोघांचे हाडवैर होते. रणभूमीवरून कार्डिगन लवकर परतल्याचा वाद १८६३ मध्ये न्यायालयात गेला.

खाजगी जीवन : पहिली पत्नी एलिझाबेथ घटस्फोटित होती (विवाह १८२६). लॉर्ड विल्यम पॅजेटने त्याच्यावर केलेली व्यभिचाराची फिर्याद १८४३ मध्ये फसली. एलिझाबेथच्या निधनानंतर १८५८ मध्ये ॲडलाइन डी हॉर्सीशी विवाह.

घोड्यावरून पडल्यानंतर तो डीन पार्क येथे मरण पावला. औरस संतती नसल्याने पदवी त्याच्या आप्ताकडे गेली. कार्डिगन हा लोकरी अंगरखा त्याच्या नावाने ओळखला जातो.