लाल अक्षरातला रिपोर्ट : ऑटिझमच्या चाचण्यांचा इतिहास आणि आपली लेकरे

नाकाडोंगरीच्या आसपास जमीन खणली की मँगनीज निघते. डोंगरी बुजुर्ग आणि चिखला या खाणी जवळच आहेत. डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतले मँगनीज डायऑक्साइड टॉर्चच्या सेलसाठी जाते. खाण म्हटली की धूळ आली, आणि धूळ अंगावर बसते तशी केसातही बसते. आता समजा, या भागातले एखादे चार वर्षांचे लेकरू बोलत नाही, हाक मारली तर वळून पाहत नाही, तासन् तास एकच चाक फिरवत बसते. कोणीतरी सांगते की केस तपासून घ्या, शरीरात विषारी धातू साचलेत का ते कळेल. माय-बाप उसनवारी करून केसांची बट मोठ्या शहरातल्या लॅबला पाठवतात. रिपोर्ट येतो, मँगनीजसमोर लाल पट्टी असते.

या लाल पट्टीतून काय सिद्ध झाले? मँगनीजमुळे लेकराला ऑटिझम झाला, की लेकरू मँगनीजच्या गावात राहते, एवढेच? केसाच्या आतून आलेला धातू आणि बाहेरून बसलेली धूळ यांतला फरक ती चाचणी खात्रीने सांगू शकत नाही. पण रिपोर्ट छापील असतो. त्यावर आकडे असतात, रंग असतात, खाली सही असते.

छापील कागदापुढे आपला समाज लवकर झुकतो, आणि त्यात आश्चर्य नाही. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, सातबारा. आपले निम्मे आयुष्य कागद मिळवण्यात जाते आणि उरलेले तो खरा आहे हे पटवण्यात. ज्यांना तोंडी शब्दाची किंमत कधीच मिळाली नाही, त्यांना कागदाची किंमत जास्त कळते. तथागतांनी कालामांना सांगितले होते की परंपरा म्हणते म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा गुरू आहे म्हणून काही मानू नका. ही कसोटी आपण पोथीला लावतो. लॅबच्या रिपोर्टला कितीजण लावतात?

विदर्भातल्या आपल्या माणसांना खऱ्या चाचणीची ओळख नाही असे मात्र नाही. सिकलसेल आपल्या घराघरात माहीत आहे. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले की या रुग्णांचे हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात वेगळ्या गतीने सरकते. पुढे शुक्ला आणि सोळंकी यांचा मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. नंतर विदर्भात जिथे जिथे तपासणी झाली तिथे तिथे बौद्ध, आदिवासी आणि काही ओबीसी समाजांत सिकलसेल सापडत गेला. प्रयोगशाळा बदलली, डॉक्टर बदलला, उत्तर तेच आले. या चाचणीच्या मर्यादाही उघडपणे सांगितल्या जातात. शिबिरात होणारी सोल्युबिलिटी चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करू शकत नाही, सहा महिन्यांच्या आतल्या बाळात चुकू शकते, म्हणून इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. आपली मर्यादा स्वतः सांगणारी चाचणी विश्वासाला पात्र असते.

ऑटिझमचे, म्हणजे स्वमग्नतेचे, तसे नाही. रक्तात, लघवीत किंवा केसात सापडणारा असा एकही पदार्थ नाही, ज्यावरून मूल ऑटिस्टिक आहे की नाही हे ठरवता येईल. निदान होते ते लेकराला पाहून, त्याच्याशी खेळून, आईला विचारून. आणि जिथे नेमके उत्तर नसते तिथे दुकान उघडते. ते दुकान कसे उघडले हे बघण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन लिहिले. त्या मुलांचे आई-बाप बहुतेक शिकलेले, सुस्थितीतले होते, म्हणून हा आजार सुशिक्षितांचा असा समज पसरला. खरी गोष्ट साधी होती. कॅनरच्या दवाखान्यापर्यंत पोहोचण्याची ऐपत ज्यांची, त्यांचीच मुले मोजली गेली. कामगारांची, काळ्यांची मुले मोजणीत आलीच नाहीत. आपल्याकडेही ‘हे मोठ्या लोकांचे आजार’ असे ऐकू येते. आपली लेकरे ‘मुकं’, ‘येडं’, ‘बाहेरचं लागलेलं’ या नावांखाली गाडली जातात.

मग दोष आईवर आला. थंड स्वभावाच्या, माया न करणाऱ्या आईमुळे मूल असे होते, हा सिद्धांत ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकात टोकाला नेला. गावात म्हणतात गेल्या जन्मीचे पाप, विद्यापीठात म्हणाले आईचा थंडपणा. दोन्हीकडे बाईच आरोपी. हा आरोप उलटवला तो एका बापाने. बर्नार्ड रिमलंड हे अमेरिकन नौदलात मानसशास्त्रज्ञ होते, त्यांचा मुलगा ऑटिस्टिक होता. १९६४ साली त्यांनी पुस्तक लिहून दाखवले की हा मेंदूच्या जडणघडणीचा प्रश्न आहे, आईच्या मायेचा नाही. पुढच्याच वर्षी पालकांची संघटना उभी राहिली. अन्याय झालेल्यांनी तज्ज्ञांच्या मक्तेदारीला दिलेले ते आव्हान होते, आणि चळवळीच्या माणसाला ते आपले वाटावे असेच आहे.

पण याच रिमलंड यांच्या संस्थेतून १९९५ साली ‘ऑटिझमला आत्ता हरवा’ अशा नावाची मोहीम निघाली. केस तपासा, लघवीत पारा शोधा, आहार बदला, शरीरातले धातू बाहेर काढा, अशी यादीच तिच्यातून पसरली. डॉक्टरांनी पालकांना फसवले होते हे खरे होते. त्यावरून डॉक्टरांविरुद्ध बोलणारा प्रत्येकजण खरा, असा निष्कर्ष निघाला. ही उडी चुकीची होती, आणि आपल्याकडच्या मोबाईलवरच्या चर्चेतही ती रोज दिसते. व्यवस्था आपल्याशी खोटे बोलते, म्हणून व्यवस्थेला शिव्या देणाऱ्याचे पावडरचे डबे विकत घ्यायचे का?

ज्या ‘लॅन्सेट’ने विदर्भाच्या सिकलसेलचा लेख छापला, त्याच ‘लॅन्सेट’ने १९९८ साली अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांचा बारा मुलांवरचा लेख छापला. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस आणि ऑटिझम यांचा संबंध असावा, असा संशय त्यातून जगभर गेला. लसकंपन्यांविरुद्ध दावा लावणाऱ्या वकिलाकडून वेकफिल्ड यांना पैसे मिळत होते, हे नंतर ब्रायन डीअर या पत्रकाराने बाहेर काढले. २०१० साली नियतकालिकाने लेख मागे घेतला आणि वेकफिल्ड यांचे नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढले गेले. एवढे बहुतेकांना माहीत असते. त्यातली प्रयोगशाळेची गोष्ट कमी लोकांना माहीत आहे, आणि माझ्या मते तीच जास्त शिकवणारी आहे.

२००२ साली डब्लिनच्या एका प्रयोगशाळेच्या आधारे लेख आला. आतड्याचा त्रास असलेल्या ९१ मुलांपैकी ७५ जणांच्या आतड्यात गोवराचा विषाणू सापडला, तुलनेच्या ७० मुलांत फक्त ५ जणांत. आकडे बघून कोणाचाही विश्वास बसेल. पुढे अमेरिकेत पालकांच्या नुकसानभरपाईच्या दाव्यांत २००७ साली स्टीफन बस्टिन या तज्ज्ञाची साक्ष झाली. त्यांनी त्या प्रयोगशाळेच्या नोंदी स्वतः तपासल्या होत्या. गोवराचा विषाणू आरएनएचा बनलेला असतो. या चाचणीत आधी आरएनएचे डीएनएत रूपांतर करावे लागते, नाहीतर विषाणू दिसूच शकत नाही. पण तिथे रूपांतराची पायरी गाळूनही ‘गोवर’ दिसत होता! म्हणजे यंत्राला दिसत होता तो विषाणू नव्हता, बाहेरून मिसळलेला डीएनए होता. २००८ साली तीन प्रयोगशाळांना नमुना कोणाचा हे न सांगता तपासायला दिले, त्यांत डब्लिनचीही होती. ऑटिस्टिक २५ मुलांत एक आणि तुलनेच्या १३ मुलांत एक, एवढाच विषाणू सापडला. २००९ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने दावे फेटाळले. त्या आई-बापांनी वर्षानुवर्षे ज्या रिपोर्टवर आशा ठेवली होती, तो अस्वच्छ प्रयोगशाळेचा कागद निघाला.

लघवीतल्या पाऱ्याच्या चाचणीत तर हिशेबाचीच चलाखी आहे. आधी मुलाला धातू बाहेर ओढणारे औषध देतात, मग लघवी तपासतात. असे औषध कोणालाही दिले, तुम्हाला, मला, धडधाकट पैलवानाला, तरी लघवीत धातू वाढणारच, कारण थोडे धातू सगळ्यांच्याच शरीरात असतात. मग तो आकडा ताडून बघतात औषध न घेतलेल्या माणसांच्या मापाशी. साहजिकच लाल पट्टी! अमेरिकेतल्या विषतज्ज्ञ डॉक्टरांच्या संघटनेने २००९ साली या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचे जाहीर केले. त्याआधीच, २००५ च्या ऑगस्टमध्ये, पेनसिल्व्हेनियात पाच वर्षांचा ऑटिस्टिक मुलगा धातू काढण्याचे इंजेक्शन घेताना दगावला होता. रक्तातले कॅल्शियम एकदम खाली गेले.

आता केस. २००१ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी एकाच निरोगी व्यक्तीचे केस वाटून सहा लॅबना पाठवले. अनेक खनिजांचे आकडे एका लॅबपेक्षा दुसरीत दहापटीहून जास्त वेगळे आले, आणि आहाराचे सल्ले एकमेकांच्या उलट.

आपल्या देशातले ठळक उदाहरण पंजाबातले. फरीदकोटच्या विशेष मुलांच्या केंद्रातील मुलांचे केसांचे नमुने जर्मनीच्या लॅबला गेले आणि २००९ साली बातमी फुटली की त्यात युरेनियम आहे. औष्णिक वीज केंद्रांची राख, परदेशातल्या युद्धातली शस्त्रे, सगळ्यांवर संशय गेला. सरकारी शास्त्रज्ञांनी माळव्यातले पाणी तपासले, भूजलात युरेनियम सापडलेही. म्हणजे पाण्याचा प्रश्न खरा होता. पण त्याच गावातल्या, तेच पाणी पिणाऱ्या निरोगी मुलांशी तुलना केल्याशिवाय युरेनियममुळे मुले अशी झाली असे म्हणता येत नाही.

नाकाडोंगरीला हे तंतोतंत लागू आहे. मँगनीज निरुपद्रवी आहे असे मी मुळीच म्हणत नाही. मँगनीज दळणाऱ्या कामगारांचे पाय लुळे पडतात, हे कूपर यांनी १८३७ सालीच स्कॉटलंडमध्ये नोंदवले होते. खाणीजवळ राहणाऱ्यांनी हवेतल्या धुळीचे आणि विहिरीच्या पाण्याचे मोजमाप ग्रामसभेतून मागावे, खाण कामगारांची नियमित तपासणी मागावी. तो सार्वजनिक लढा आहे आणि पैसा सरकारने, कंपनीने घालायचा आहे. केसांच्या चाचणीत तोच प्रश्न एका गरीब बापाच्या खिशावर येतो, आणि उत्तरही मिळत नाही.

मग कुठली चाचणी करायची? डॉक्टरने चाचणी लिहिली तर विचारा की उत्तर काहीही आले तरी उपचारात काय बदलणार. लेकरू बोलत नसेल तर आधी कानाची तपासणी, कारण बहिरेपणा वेगळा आणि त्याचा उपाय वेगळा. झटके येत असतील तर ईईजी. माती, रंगाचे पापुद्रे खात असेल तर शिशासाठी शिरेतले रक्त, केस नव्हे. घराण्यात बौद्धिक अपंगत्व असेल तर जनुकीय तपासणीला अर्थ आहे. या सगळ्या चाचण्या सोबतच्या आजारासाठी किंवा कारणासाठी आहेत, ऑटिझम ठरवण्यासाठी नाहीत. अन्नाची आयजीजी चाचणी, केस, औषध देऊन घेतलेली लघवी यांच्यासाठी एक बकरीही विकू नका.

ऑटिझमचा दाखला मिळतो तो ‘इसा’ या भारतीय मोजपट्टीवर. तिच्यात ४० मुद्दे आहेत, गुण ४० ते २००. ७० च्या खाली ऑटिझम नाही, १५३ च्या वर तीव्र. यंत्र लागत नाही, लागतो तो प्रशिक्षित माणूस आणि त्याचा वेळ. १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझम नव्हता. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे प्रकार २१ झाले, त्यांत ऑटिझमही आला आणि आपला सिकलसेलही. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क आहे. कागदच मिळवायचा असेल तर हा मिळवा.

तो मिळण्याची वाट जिल्ह्याच्या ठिकाणी जाते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. त्याच्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येऊन मुले तपासायची आणि संशय आला तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचे, अशी रचना आहे. तुमसर तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात एवढे विचारावे : गेल्या वर्षी नाकाडोंगरी, गोबरवाहीच्या अंगणवाड्यांत पथक किती वेळा आले, विकासात मागे असलेली किती मुले भंडाऱ्याला पाठवली, तिथे मानसशास्त्रज्ञाचे आणि वाचा उपचारतज्ज्ञाचे पद भरलेले आहे का, आणि त्यांपैकी किती मुलांच्या हाती अपंगत्वाचा दाखला पडला.