बॉम्बे रक्तगट

तांबड्या रक्तपेशींच्या पृष्ठभागावर ए, बी आणि एच यांपैकी एकही प्रतिजन नसलेला दुर्मिळ रक्तगट. मुंबईत आढळलेल्या रुग्णांवरून १९५२ साली त्याचे प्रथम वर्णन झाले, म्हणून हे नाव पडले. 'ओएच' किंवा 'एचएच' गट असेही त्याला म्हणतात. नेहमीच्या साध्या तपासणीत हे रक्त ओ गटाचे दिसते. मात्र अशा माणसाला ओ गटाची पिशवी चढवली तर ती जिवावर बेतते.

हे कसे होते हे समजण्यासाठी ओ गटाबद्दलचा एक रूढ समज बाजूला ठेवावा लागतो. ए नाही, बी नाही, म्हणजे ओ पेशी कोरी, म्हणून ती सर्वांना चालते, असे आपण शाळेपासून ऐकतो. वस्तुतः ओ पेशी कोरी नसते. तांबड्या पेशीच्या आवरणावर शर्करांच्या छोट्या साखळ्या असतात. त्यांच्या टोकाच्या गॅलॅक्टोजला एक एंझाइम फ्यूकोज ही शर्करा जोडते आणि एच प्रतिजन तयार होतो. त्यानंतर ए गटाच्या माणसात एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसामाइन आणि बी गटाच्या माणसात आणखी एक गॅलॅक्टोज या एचवर चढते. ओ गटात पुढचे काहीच जोडले जात नाही, त्यामुळे एच उघडा राहतो, आणि सर्व गटांत तो ओ पेशींवरच सर्वाधिक असतो. एचला भिंतीवरची खुंटी मानले तर ए आणि बी तिच्यावर टांगलेल्या वस्तू ठरतात. बॉम्बे गटात खुंटीच बसलेली नसते. वडिलोपार्जित ए किंवा बी जनुक शाबूत असला, त्याचे एंझाइमही तयार होत असले, तरी त्याला टांगायला जागा मिळत नाही.

शरीर स्वतःच्या पेशींवर नसलेल्या ए-बी प्रतिजनांविरुद्ध लहानपणापासूनच प्रतिपिंडे तयार ठेवते. व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली ए-बी-ओ गट मांडले तेही याच प्रतिपिंडांच्या आधारे. बॉम्बे गटाच्या रक्तात ए-विरोधी, बी-विरोधी आणि त्यांच्या जोडीला एच-विरोधी अशी तिन्ही प्रतिपिंडे असतात. ती मुख्यतः आयजीएम प्रकारची असून शरीराच्या ३७ अंश सेल्सियस तापमानालाही जोमाने काम करतात. पूर्वी कधी रक्त घेतलेले नसले तरी ती हजर असतातच, त्यामुळे पहिलीच पिशवी घातक ठरू शकते. बाहेरून आलेल्या पेशी रक्तवाहिन्यांतच फुटतात, त्यांतले हिमोग्लोबिन लघवीतून उतरू लागते, रक्तदाब कोसळतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

परळच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातील वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांच्यासमोर हे कोडे रुग्णांच्या रूपानेच आले. एक रुग्ण रेल्वे अपघातातला होता, दुसरा भोसकला गेलेला. दोघांनाही रक्ताची गरज होती आणि कोणत्याही गटाचे रक्त त्यांच्या रक्ताशी जुळेना. अशा एकूण तीन व्यक्तींच्या रक्ताचा अभ्यास लंडनमधील रूथ सँगर आणि रॉबर्ट रेस, तसेच डब्ल्यू. टी. जे. मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स यांच्या सहकार्याने झाला आणि १९५२ साली 'लॅन्सेट'मध्ये ए-बी-ओ व्यवस्थेशी नाते असलेला नवा गुणधर्म म्हणून प्रसिद्ध झाला. ए आणि बी यांची उभारणी एचच्या पायावर होते, ही पुढच्या दशकात स्थिरावलेली मांडणी बॉम्बे गटामुळे फार स्पष्ट झाली. एखाद्या दुर्मिळ उणिवेने सर्वसामान्य रक्ताची रचना उलगडून दाखवावी याचे हे उत्तम उदाहरण आहे. १९५७ साली मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र सुरू झाले. आजची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था त्यातूनच वाढली आणि ती के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात आहे.

एच घडवणारे एंझाइम १९व्या गुणसूत्रावरील एफयूटी-१ या जनुकाकडून येते. ए-बी-ओचा जनुक ९व्या गुणसूत्रावर असल्याने दोन्हींचा वारसा स्वतंत्रपणे चालतो. आई आणि वडील दोघांकडूनही एफयूटी-१ची निकामी प्रत आली तरच बॉम्बे गट प्रकट होतो. भारतीय व्यक्तींमध्ये बहुधा या जनुकातील ७२५व्या जागी एका अक्षराचा बदल सापडतो आणि एंझाइममध्ये २४२व्या स्थानी ल्यूसीनऐवजी आर्जिनिन बसते. शेजारचा एफयूटी-२ हा जनुकही त्यांच्यात सहसा पूर्ण गळालेला असतो, त्यामुळे लाळेतही एच मिळत नाही. एफयूटी-२ चालू असेल तर लाळेत एच असतो आणि पेशींवरही थोडे ए किंवा बी दिसू शकते. त्या प्रकाराला पॅरा-बॉम्बे म्हणतात.

या वारशाचा एक परिणाम घराघरात पोहोचतो. कागदावर ओ गट असलेल्या आईला किंवा वडिलांना एबी गटाचे मूल होणार नाही, असे पाठ्यपुस्तकातला तक्ता सांगतो. बॉम्बे गटात मात्र ते होऊ शकते, कारण न दिसणारा ए किंवा बी जनुक पुढच्या पिढीत जातो आणि दुसऱ्या पालकाकडून चांगला एफयूटी-१ मिळताच प्रकट होतो. केवळ रक्तगटाच्या चिठ्ठीवरून पितृत्वाबद्दल किंवा स्त्रीच्या चारित्र्याबद्दल शंका घेणे त्यामुळे शास्त्रालाही धरून नाही, आणि माणुसकीला तर नाहीच.

निदान अवघड नाही, पण त्यासाठी तपासणी दोन्ही बाजूंनी करावी लागते. फक्त रुग्णाच्या पेशींवर ए-विरोधी आणि बी-विरोधी द्रव टाकून पाहिले तर उत्तर 'ओ' असे येते. रुग्णाचा रक्तरस ओ गटाच्या पेशींबरोबर मिसळून पाहिला की गुठळ्या होतात आणि संशय येतो. पुढे गॉर्स या युरोपीय काटेरी झुडपाच्या बियांपासून काढलेल्या एच-विरोधी लेक्टिनने खात्री करतात. खऱ्या ओ पेशी त्यात चिकटतात, बॉम्बेच्या चिकटत नाहीत. दात्याचे आणि रुग्णाचे रक्त आधी एकमेकांशी जुळवून पाहणाऱ्या क्रॉसमॅच चाचणीतही ही विसंगती उघड होते. तातडीच्या वेळी क्रॉसमॅच न करता ओ निगेटिव्ह देण्याची पद्धत बहुतेकांचे प्राण वाचवते, पण या थोड्यांच्या बाबतीत तीच सर्वांत मोठा धोका असते. आरएच घटक वेगळा असल्याने बॉम्बे पॉझिटिव्ह आणि बॉम्बे निगेटिव्ह असे दोन्ही प्रकार आढळतात.

भारतात हा गट साधारण १०,००० जणांत एकाचा मानला जातो. मुंबईतील १९७४च्या पाहणीत हे प्रमाण ७,६००मध्ये १ असे निघाले, तर युरोपात ते सुमारे १० लाखांत १ आहे. हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर, जिथे १९व्या शतकात भारतातून मळ्यांसाठी मजूर नेले गेले, तिथे ते हजारात एकाच्या आसपास सापडले. पण तिथल्या युरोपीय वंशाच्या लोकांत आढळणारा जनुकबदल वेगळा आहे. गट अप्रभावी वारशाचा असल्याने नात्यात लग्ने होणाऱ्या समाजांत तो तुलनेने जास्त दिसतो.

या गटाची व्यक्ती निरोगी असते. अडचण येते ती रक्त लागल्यावर. तिला फक्त बॉम्बे गटाचेच रक्त चालते, आणि शीतकपाटातील पिशवी वापरलेल्या द्रवानुसार ३५ ते ४२ दिवसच टिकते. ग्लिसरॉल घालून गोठवलेल्या पेशी १० वर्षे राहतात, पण ती सोय मोजक्याच ठिकाणी आहे. ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी रुग्णाचे स्वतःचे रक्त काढून ठेवणे हा चांगला मार्ग आहे. एरवी भिस्त असते ती नोंदवलेल्या दात्यांच्या याद्यांवर. २०२४ साली इंदूरला एका महिलेसाठी शिर्डीहून एक दाता मोटारीने गेला होता. तिला आधी ओ गटाचे रक्त चुकून दिले गेले होते, असे तेव्हाच्या बातम्यांत आले. दोन रक्तदानांत पुरुषांना ३ आणि स्त्रियांना ४ महिन्यांचे अंतर ठेवावे लागते, म्हणून एकाच दात्यावर पुन्हा पुन्हा विसंबता येत नाही. शोध घरापासून सुरू करतात, कारण सख्ख्या भावाबहिणीचा गटही बॉम्बे असण्याची शक्यता चारात एक असते.