बौद्धिक अक्षमता आणि फाशीची शिक्षा : कायद्याच्या इतिहासातील एक पोकळी

परभणीच्या सत्र न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावल्यास मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ती कायम केल्याखेरीज तिची अंमलबजावणी होऊ शकत नाही. या दोन्ही टप्प्यांवर आरोपीला वेड लागले आहे काय, हा प्रश्न निदान कायद्याला परिचित आहे. तो जन्मतःच मतिमंद आहे काय, या प्रश्नाला मात्र दंडसंहितेत स्वतःची जागा राहिलेली नाही. वस्तुतः ती जागा आरंभी होती.

मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ मध्ये सादर केलेल्या दंडसंहितेच्या मसुद्यात जडबुद्धी अवस्थेतील कृत्यासाठी एक आणि वेडाच्या भरातील कृत्यासाठी दुसरे, अशी दोन स्वतंत्र कलमे होती. पुढे १८४३ मध्ये इंग्लंडमध्ये मॅकनॉटन नियम आले आणि १८६० च्या संहितेतील कलम ८४ मध्ये दोन्ही अवस्था 'मनोविकलता' या एकाच शब्दाखाली गेल्या. कृत्याचे स्वरूप अथवा त्यातील गैरपणा कळण्यास आरोपी असमर्थ होता काय, एवढीच कसोटी उरली. सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीला जीव घेणे वाईट हे बहुधा कळते. कळत नाही ते परिणामांचे गणित आणि दुसऱ्याच्या चिथावणीमागचा हेतू. साहजिकच ती या कलमाबाहेर राहते. निजामी राजवटीतील परभणीत ही संहिता १९५१ च्या कायद्याने लागू झाली, ती याच रूपात. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ नेही १ जुलै २०२४ पासून तोच शब्द पुढे चालविला आहे.

दरम्यान १९१२ च्या कायद्याने 'वेडा' या संज्ञेत जडबुद्धी व्यक्तीचा समावेश केला होता. १९८७ च्या आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यविषयक कायद्यांनी मतिमंदत्वाला मानसिक आजाराच्या व्याख्येतून वगळले. वैद्यकीयदृष्ट्या हा भेद योग्यच होय. मतिमंदत्व हा आजार नव्हे. परंतु फाशीच्या प्रकरणांत त्याचा परिणाम विपरीत झाला, आणि त्याचे उदाहरण महाराष्ट्रातीलच आहे.

१९९९ साली राज्यात दोन अल्पवयीन मुलींवर अत्याचार करून त्यांची हत्या करण्यात आली. या खटल्यातील फाशीच्या कैद्याच्या पुनर्विलोकन याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने १२ एप्रिल २०१९ रोजी निकाल दिला. कैद्याचे नाव गोपनीय ठेवून निकालपत्रात त्याला 'आरोपी एक्स' म्हटले आहे. शिक्षेनंतर जडलेला तीव्र मानसिक आजार हे फाशी रद्द करण्याचे कारण ठरू शकते, असे न्यायालयाने मान्य केले आणि कोणतीही सूट न देता उर्वरित आयुष्यभर कारावास ठोठावला. कैद्याच्या प्रतिष्ठेच्या हक्कासाठी आधार घेतला तो २०१७ च्या कायद्याचा. तीव्रतेची कसोटी सांगताना स्किझोफ्रेनिया, अन्य गंभीर मनोविकृती आणि विघटनात्मक विकार यांचा उल्लेख झाला. आजार सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर ठेवण्यात आली. निकाल मानवतेचा खराच. पण जी अवस्था जन्मापासूनची, म्हणजे 'शिक्षेनंतर जडलेली' नाही आणि व्याख्येने आजारही नाही, तिला या वाटेने सहजी जाता येत नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा व्यक्तींना फाशी देणे २००२ मध्ये ॲटकिन्स खटल्यात घटनाबाह्य ठरविले होते. त्यांचा दोषीपणा कमी असतो, शिवाय न केलेल्या गुन्ह्याची कबुली देण्याचा आणि वकिलाला नीट साहाय्य करता न येण्याचा धोका असतो, असे कारण दिले गेले. भारतात असा निषेध नाही. बच्चन सिंग खटल्यात (१९८०) विधिज्ञ डॉ. चितळे यांनी सुचविलेल्या सौम्यकारक बाबींत 'मानसिक न्यूनता' होती आणि न्यायालयाने ती प्रस्तुत मानली. मात्र ती तपासण्याची यंत्रणा उभी राहिली नाही. राष्ट्रीय विधी विद्यापीठ, दिल्ली येथील 'प्रोजेक्ट ३९ ए'च्या २०२१ च्या अभ्यासात फाशीच्या ८८ कैद्यांच्या मुलाखती घेण्यात आल्या. तपासलेल्यांपैकी सुमारे ११ टक्के कैदी बौद्धिकदृष्ट्या अक्षम आढळले.

मनोज खटल्याच्या निकालाने (२० मे २०२२) आरोपीचे मानसशास्त्रीय मूल्यमापन सत्र न्यायालयातच सादर करण्याची जबाबदारी राज्यावर टाकली. मराठवाड्यात हे सोपे नाही. राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. एकदाच्या भेटीत बुद्ध्यंक मोजता येईल, परंतु अक्षमता बालपणापासूनची आहे हे दाखविण्यास शाळेच्या नोंदी लागतात, घरच्यांचे व शेजाऱ्यांचे जबाब लागतात. पहिली-दुसरीतच शाळा सुटलेल्या, गावाने 'खुळा' म्हणून सोडून दिलेल्या शेतमजुराकडे अपंगत्वाचे प्रमाणपत्र असण्याची शक्यता थोडी, आणि त्याचा वकील बहुतेक वेळा विधी साहाय्यातून नेमलेला असतो.